चारचाकीवाले नाना

नानांच्या स्कूटरला चार चाकं होती आणि त्याचा त्यांना कोण दिमाख! गोदीत काम करताना एक पेटी अंगावर आली आणि डावा पाय गुडघ्यापासून गेला. मग काशीगावच्या लोहाराकडून त्यांनी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक लावून घेतलं आणि खाडीपलीकडच्या गावांत शिलाई मशीन दुरुस्त करत हिंडू लागले. मी तेव्हा पुलाच्या टोलनाक्यावर पावत्या फाडायचो. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. फलकावर दुचाकीचा दर वेगळा, चारचाकीचा वेगळा. मी चाकं मोजली आणि सरळ मोटारीची पावती फाडली. दुसरा कुणी असता तर गळपट्टीच धरली असती. नाना म्हणाले, "लिवलंस तं आता खोडू नको, बाला. आमच्या सात पिढ्यांत कोनी मोटार घेतली न्हाय." चूक कळल्यावर मी हात जोडून विनवलं, पण ऐकतील तर शपथ. रोज मोटारीचाच टोल. वर रांगेतल्या ट्रकवाल्यांना सांगायचे, "भाई, बडी गाडी को पहले जाने दो."

फलकाच्या तळाशी 'अपंगांच्या वाहनास माफी' असंही लिहिलेलं होतं. ते मी त्यांना दहादा दाखवलं असेल. "माफी?" नाना म्हणायचे, "मी गुन्हा काय केलाय?" नाक्यावर हशा पिकायचा. मीही हसायचो. मूर्खच होतो.

खरं कारण कळलं ते नवे साहेब आल्यावर. त्यांनी फर्मान काढलं की ठाण्याच्या डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय ही गाडी पुलावरून सोडायची नाही. नानांचं तोंड एवढंसं झालं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माजं लायसन पाय होता तवाचं हाय. डॉक्टरनं लिवलं की ह्याला गाडी चालवता येत न्हाय, मंग? पोरांना काय खायला घालू?"

माफीला दाखला लागतो आणि दाखला मागायला जावं तर गाडीच बंद व्हायची, म्हणून हा माणूस तीन वर्षं थट्टा करत मोटारीचा टोल भरत होता. मला माझीच लाज वाटली. रजा टाकली आणि त्यांच्या मागे बसून, जीव मुठीत धरून ठाण्याला गेलो.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाडी थांबली की पाय टेकणार कसा?"

"टेकतच न्हाय मी. तुमी मागं बसा, दावतो."

आणि डॉक्टर बसले की! दवाखान्याभोवती दोन फेऱ्या झाल्या. उतरल्यावर त्यांनी विस्कटलेले केस सारखे केले आणि उभ्याउभ्याच लिहून दिलं, 'डावा पाय नाही. वाहन चालवण्यास योग्य.' नानांनी तो कागद मला तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नाक्यावर आले. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. मी 'नको' म्हणून मान हलवली आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला. नाना मात्र जागचे हलेनात. मागे ट्रकचे भोंगे वाजायला लागले, साहेब खोलीतून डोकावले.

"नाना, जा की आता."

"जातो रं. इतकी वर्सं भीत भीत गेलो. आज जरा हळू जाऊ दे."