आधी भिंत, मग वायर

आमच्या वाचनालयाचे चिटणीस नाना सगळी कामं अंगठ्याने करत. पुस्तकावर शिक्का मारला की वरून अंगठा, पाकीट चिकटवलं की अंगठा, दारावरची बेलसुद्धा अंगठ्याने, तीही आतला माणूस दचकेल इतकी दाबून. कोणी हसलं तर म्हणत, "बोटं दाखवायला असतात. काम अंगठा करतो." नानांची चौलला सुपारीची वाडी होती, पण जीव वाचनालयात. मी तिथे ग्रंथपाल, म्हणजे नानांची बोलणी खायला नेमलेली बाई.

वाचनालयातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर त्यांची मालकी होती. आमच्याकडे खाऱ्या हवेने बिजागऱ्यासुद्धा गंजतात, तिथे कॉम्प्युटर वरचेवर रुसायचा. तो सुरू झाला नाही की नाना धोतर सावरून टेबलाखाली बसत आणि मंत्र म्हटल्यासारखं म्हणत, "आधी भिंत, मग वायर, मग डबा." आधी भिंतीवरचं बटण, मग वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का, आणि सगळ्यात शेवटी टेबलाखाली पाटावर ठेवलेला तो डबा, म्हणजे सीपीयू. बहुतेक वेळा दुखणं भिंतीशीच सापडे. मग दिवसभर त्यांचा रुबाब बघवत नसे.

दसऱ्याला त्या डब्याची पूजा व्हायची. झेंडूची माळ, आपट्याचं पान आणि चालू करायच्या गोल बटणावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा. तो टिळा भलताच जाड असे. मी म्हटलं, "नाना, बाजूला लावा ना." ते म्हणाले, "कपाळ सोडून कानाला टिळा लावतात का? तेच त्याचं कपाळ." आणि अंगठा चांगला दाबला.

दसऱ्यानंतर वाचनालय उघडलं तर कॉम्प्युटर ढिम्म. नानांनी माळेखालून अंगठा घालून बटण दाबलं, काही नाही. भिंत ठीक होती, वायर ठीक होती. राहिला डबा. पण डब्याकडे जाण्याआधी त्यांचं लक्ष ओल्या लादीकडे गेलं. वाचनालयात झाडलोट करणारी सुगंधा नुकतीच लादी पुसून दारात बादली घेऊन उभी होती.

"पाणी घातलंस आत," नाना म्हणाले.

"न्हाय नाना. पाटापासून लांबच पुसते मी."

"मग काय आपोआप मेला?"

वाचायला आलेली चार माणसं वर्तमानपत्रातून मान वर करून बघत होती. मीही बघत होते. सुगंधा बादली उचलून निघून गेली, आणि त्या ओल्या लादीवर पाय कुठे ठेवावा ते मला कळेना.

नाना तिथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण संध्याकाळी नाक्यावर चहा पिताना त्यांनी तीच हकिगत रंगवून सांगितली. ऐकणाऱ्यांत मुंबईकरांच्या बंगल्याचा राखणदारही होता. सुगंधाचं घर खरं तर त्या बंगल्याच्या कामावर चालायचं. तिथे टीव्ही, फ्रीज, तऱ्हेतऱ्हेची यंत्रं. दुसऱ्या दिवशी राखणदाराने तिच्याकडून बंगल्याची चावी परत घेतली.

डबा अलिबागला दुरुस्तीला न्यायचा म्हणून नानांनी सुकलेली माळ उतरवली. खाली बटण आत रुतलेलं होतं. भोवती कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, आणि त्यात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. त्यांनी सेफ्टी पिनेने कडेने कुंकू खरवडलं. बटण टक् करून वर आलं. पुन्हा दाबलं, तर डब्यातला पंखा घुरघुरू लागला.

नाना उठले नाहीत. स्वतःचा अंगठा बघत जमिनीवर बसून राहिले. तिथूनच म्हणाले, "भिंत पाहिली, वायर पाहिली आणि डबा सोडून माणसावर गेलो." इतका शरमलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांच्याकडे बघायची मलाच लाज वाटली.

मग ते नाक्यावर गेले आणि त्याच बाकड्यावरून, तितक्याच मोठ्याने, खरं काय ते सांगितलं. बंगल्यावरही गेले. तिथे दुसरी बाई ठेवून झाली होती. मग सुगंधाच्या अंगणात चपला काढून उभे राहिले. "माझा अंगठा होता गं," एवढंच म्हणाले.

ती म्हणाली, "येईन नाना कामाला. पन त्या डब्याला मी हात न्हाय लावनार. त्याच्या आसपासबी न्हाय."

तेव्हापासून ती पाटापासून हातभर अंतरावर झाडणं थांबवी. डबा आणि त्याच्याभोवतीची लादी नाना स्वतः पुसत, गुडघे दुखत असतानाही. नवीन सभासद आला की पावती फाडता फाडता त्याला सगळी हकिगत ऐकवत. शेवटी ठरलेलं वाक्य असे, "हिचा हात नव्हता." सुगंधा मान खाली घालून झाडत राही. आम्हाला ते पाठ झालं होतं. कधी कधी वैतागही यायचा.

नाना गेल्या पावसाळ्यात गेले. तेराव्यानंतर वाचनालय उघडलं, तर डब्यावर धुळीचा थर. मी म्हटलं, "सुगंधा, आता तरी पूस. नाना नाहीत आता."

तिने झाडू थांबवला. "ते न्हाईत म्हनूनच न्हाय पुसत, ताई. ते होते तवर मला भ्या नव्हतं. आता बंद पडला तर माझा हात नव्हता म्हनून कोन सांगंल?"

तिच्यावर आळ आला त्या दिवशी नुसतं बघत राहिलेल्यांत मीही होते, हे ती विसरली नव्हती. 'मी सांगेन' हे शब्द तोंडाशी आले, पण कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी पदर खोचला, फडकं घेतलं आणि टेबलाखाली बसले.