नावाड्याची आई

शेळगावच्या बानूबाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कधी रंगमंचावर चढल्या नव्हत्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ गेलं. पुढं कळप मोडून नवरा म्हस्कू शेतीला लागला आणि बानूबाई वालचंदनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत राजलक्ष्मीबाईंकडं स्वयंपाकाला जाऊ लागल्या.

राजलक्ष्मीबाईंना नाटकाचं भारी वेड. वसाहतीतली हौशी मंडळी गोळा करून त्यांनी एक जुनी शोकांतिका बसवायला घेतली. राजकन्येचा जीव एका तरुण नावाड्यावर जडतो. लेक हातची जाईल म्हणून राजा त्या पोराला भर पुरात नाव घालायला लावतो. पोर बुडतं, आणि त्याला वाचवायला उडी घेतलेला मित्रही जातो. काठावर उरते ती नावाड्याची आई.

तालीम राजलक्ष्मीबाईंच्याच दिवाणखान्यात चाले.

"यात प्रेमाच्या कितीतरी तऱ्हा आहेत," त्या सगळ्यांना समजावत. "राजकन्येचं प्रेम धगधगतं, मित्राचं मुकं. राजाचंही प्रेमच आहे, पण मूठ आवळलेलं."

आईपाशी मात्र घोडं अडायचं. ते काम करणारी सोनम मुलाच्या काठाला लागलेल्या देहावर पडून असा हंबरडा फोडायची, की बाकीच्यांना हसू आवरायचं नाही.

एकदा चहाचे कप गोळा करता करता बानूबाई बोलून गेल्या, "मॅडम, आई आदी रडत न्हाय."

"मग काय करते?" राजलक्ष्मीबाईंनी विचारलं.

बानूबाईंनी कप खाली ठेवले. मेलेला नावाडी होऊन सतरंजीवर पडलेला इंजिनियर यशराज, त्याच्याजवळ त्या बसल्या. पदरानं त्याचे केस पुसले आणि रागावून म्हणाल्या, "ऊठ की रं. वल्या अंगानं निजलायस. पडसं हुईल."

सोनमनं स्वतःच आपली संवादांची वही त्यांच्या हातात दिली.

बानूबाईंना वाचता येत नव्हतं, पण म्हस्कू चौथी शिकलेला. रोज तिन्हीसांजेला अंगणात बसून तो सगळ्यांची वाक्यं वाचून दाखवायचा आणि त्या आपली पाठ करायच्या. राजा त्याला झकास जमला. 'तुझ्यावाचून मला पैलतीर नाही' हे नावाड्याचं वाक्य मात्र तो बाजारभाव वाचावा तसं वाचायचा.

"जरा मनापासनं म्हना की," बानूबाई म्हणाल्या.

म्हस्कूनं चष्मा काढला आणि वहीत न बघता, त्यांच्याकडं बघत ते वाक्य म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात असलं काही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. बानूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता फुडचं वाचा."

"फुडचं ऱ्हाऊ दे. हेच आत्ता कुठं जमाय लागलंय," म्हणत त्यानं ते आणखी दोनदा म्हटलं.

प्रयोगाला म्हस्कूनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून निम्मी भावकी आणली. बानूबाई नावाड्याला उठवू लागल्या तसं भावकीतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मेलेल्या यशराजच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. बानूबाईंनी तेही पदरानं टिपलं आणि काम पुढं चालू ठेवलं.

पुढचा प्रयोग बारामतीत ठरला. तेव्हा म्हस्कूनं राजलक्ष्मीबाईंना गाठलं. "बाई, राजाच्या पहारेकऱ्याला बोलायचं काय न्हाय न्हवं? मग त्यो मी हुतो."

बारामतीत तो भाला घेऊन ताठ उभा राहिला. नजर राजावर ठेवायची होती. त्यानं ती शेवटपर्यंत नावाड्याच्या आईवर ठेवली, आणि लोकांना ते नाटकातलंच वाटलं.