बाबांची फॅक्टरी मोठी की लहान

जबलपूरला आमचं घर बाबांच्या लष्करी फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की बाबांचा डबा सायकलला लावायचा. लढाई लागली तशी बाबांची ड्यूटी डबल झाली, उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना ब्राउन पेपर चिकटला आणि घरात नवा कायदा आला. अनोळखी माणसानं फॅक्टरीबद्दल काहीही विचारलं, केवढी आहे, काय बनते, तर तोंडाला कुलूप. तसं आम्हाला डोंबलाचं काही माहीत नव्हतं. बाबा आईलासुद्धा काही सांगत नसत.

त्याच वर्षी मी मॅट्रिकला होते आणि सहामाहीत इंग्रजीत सपशेल आपटले. बाबा म्हणाले, "इंग्रजीत पास झालीस तर कॉलेज. नाही तर नागपूरचं स्थळ आलंच आहे." ते स्थळ मी पाहिलं होतं. मला कॉलेजच हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

मेल्या त्या विशेषणांच्या तुलना माझ्या डोक्यात शिरत नव्हत्या. मग आईनं मनावर घेतलं. तिला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, पण कान तिखट. पोळ्या लाटताना ती समोरच्या वस्तूकडे बोट करायची आणि मी सुरू व्हायचे, "हॉट, हॉटर, हॉटेस्ट." अडखळले की लाटणं थांबायचं. "तिसऱ्याला ते 'स्ट' काहून नाही लावलं? पुन्हा म्हण." बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापड घ्यायला गेलो तर तिथंही तिनं तीन ठाणं उलगडायला लावली आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं. शेवटी दुकानदारच म्हणाला, "दीदी, चीपेस्ट तो यही है, ले जाओ." आम्ही दोघी घरापर्यंत हसत आलो.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक साहेब आले होते. स्वेटर घातलेले, बोलायला गोड. त्यांनी आंबा आणि पेरू विचारले, हत्ती आणि उंदीर विचारले, मी फडाफडा उत्तरं दिली. खूश होऊन त्यांनी इंग्रजीतच विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, फॅक्टरीत आहेत. "अच्छा. मग सांग, त्यांची फॅक्टरी मोठी की शेजारची? आणि सगळ्यात मोठी कोणती?"

बिग, बिगर, बिगेस्ट, तिन्ही तोंडात तयार होते, पण माणूस अनोळखी आणि प्रश्न फॅक्टरीचा. इतका वेळ भला वाटणारा तो माणूस मला एकदम हेर वाटायला लागला. "येत नाही का?" त्यांनी विचारलं. येत होतं हो. पण इकडे माझं कॉलेज आणि तिकडे बाबांची ताकीद. शेवटी बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे मी त्यांना चक्क इंग्रजीत सांगितलं, "सायलेन्स इज सेफर दॅन टॉकिंग, सर." साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी रडत घरी आले.

बाबा जेवत होते. त्यांना साहेबांचा प्रश्न सांगितला, तसा त्यांचा घास हातातच राहिला. "मग तू काय सांगितलं?"

"काहीच नाही, बाबा. सायलेन्स इज सेफर दॅन टॉकिंग, एवढंच म्हटलं. आता नापास होते मी."

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि आईनं पाणी पुढे केलं. "ते वाक्य पुन्हा म्हण," ते म्हणाले. मी म्हटलं. त्यांनी चुकत चुकत म्हणून पाहिलं. हात धुतानाही ते तेच घोकून राहिले होते.

मी पास झाले. तोंडीत तर वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. लढाई लागल्यापासून बाबांनी पहिल्यांदा रजा टाकली आणि मला कॉलेजात घेऊन गेले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "पिताजी फॅक्टरी में करते क्या हैं?" मी तोंड उघडणार तोच बाबांनी मला मागे सारलं, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि एकदाही न अडखळता सांगितलं, "सायलेन्स इज सेफर दॅन टॉकिंग, सर."