एकाच चावीची घरं

लूशस थार्प अटलांटाच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत एकतीस वर्षं चावीवाला होता. ताकही फुंकून पिणारा माणूस. बायको व्हर्डेल म्हणायची, "पाद्र्यानं आमेन म्हटलं तरी तू शंका घेशील." तो म्हणे, "कुठला पाद्री, त्यावर आहे."

गेल्या काही वर्षांत तिथली घरं एकामागून एक कंपन्यांनी घेतली आणि भाड्यानं दिली. त्यात लूशसला काम मिळालं. स्वीटगम होम्स कंपनीच्या सगळ्या घरांची कुलपं त्यानंच बसवली. प्रत्येक भाडेकरूची चावी वेगळी, आणि सगळ्या दारांना लागणारी कंपनीची एक मुख्य चावी. कामासाठी तिची एक नक्कल त्याच्याकडे असे.

एका शनिवारी सकाळी रेनिटा गॉस या नर्सचा फोन आला. रात्रपाळीहून ती परतली होती, घराची चावी मात्र इस्पितळातच राहिली होती. हे घर ब्लफ क्रीक नावाच्या दुसऱ्याच कंपनीचं. सवयीनं हात गेला आणि लूशसनं स्वीटगमची मुख्य चावी दारात घातली. कुलूप उघडलं.

रेनिटा एक पायरी खाली उतरली. "माझ्या घराची चावी तुमच्याकडे कशी?"

"मीही तोच विचार करतोय."

"मी एकटी राहते, मिस्टर थार्प. असली उत्तरं मला चालत नाहीत."

त्यानं सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिनं आधी त्याच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढला, मग म्हणाली, "चला, शेजाऱ्यांकडे. त्यांच्यासमोर चावी लावा. मी सोबत आहे, तुमच्यावर नजर ठेवायला."

"ठेवाच," लूशस म्हणाला. तिच्या जागी त्यानंही हेच केलं असतं.

दोघं दारोदार फिरले. काहींनी हाकलून दिलं, एका म्हातारीनं कुत्रा सोडला. ज्यांनी परवानगी दिली अशी अकरा घरं निघाली. भाडेपावतीवर चार वेगवेगळ्या कंपन्यांची नावं, आणि अकराही कुलपं त्या एका चावीनं उघडली. पाणी कुठं मुरतंय ते लूशसला कळलं.

त्याच वसंतात राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आलं होतं. एका कंपनीनं भाड्याची स्वतंत्र घरं किती बाळगावीत, याला मर्यादा घालणारं. लूशस आणि रेनिटा त्याच्या सुनावणीला गेले. तिथं स्वीटगमचा वकील गोड आवाजात म्हणाला, "आमची घरं मर्यादेच्या आतच आहेत. बाकीच्या कंपन्यांशी आमचा काडीचाही संबंध नाही."

लूशस उठला. "मग त्यांची कुलपं तुमच्या चावीनं का उघडतात?"

"कुलपं एकाच दुकानातून घेतली असतील."

"कुलपं दुकानातली, साहेब. पण या चावीचे दाते मी पाडले. त्यांची मापं लिहून दिली ती फक्त तुम्हाला."

समितीतल्या एका आमदारानं भुवया उंचावल्या. "म्हणजे तुम्ही लोकांच्या दारांना चावी लावत हिंडलात?"

"माझ्यासमोर," मागून रेनिटा म्हणाली. "मला हाच माणूस चोर वाटला होता, म्हणून मी सोबत गेले."

लोक हसले. वकील मात्र कागद चाळत बसला.

समितीनं विधेयकात एक ओळ वाढवली: नावं कितीही असोत, खरा मालक एक असेल तर घरं एकत्र मोजायची. खालच्या सभागृहात ते मंजूर झालं. वरच्या सभागृहात कुणी चर्चेलाच घेतलं नाही आणि अधिवेशन संपलं.

स्वीटगमनं लूशसचं काम काढून घेतलं. महिन्याभरात चारही कंपन्यांच्या दारांवर आकडे दाबायची कुलपं आली, तीही एकाच दिवशी.

रेनिटानं त्याला आतून साखळी बसवायला बोलावलं. "हे आकडे आणखी कुणाकुणाला माहीत असतील हो?"

"मला विचारू नका, मिस रेनिटा. मी काहीही मनात आणतो."

"आणा. आजकाल मीही आणते."

पुढच्या जानेवारीत विधेयक पुन्हा आलं. लूशस, व्हर्डेल आणि रेनिटा सकाळच्या बसनं विधानसभेच्या इमारतीकडे निघाले. समोरच्या बाकावर टाय बांधलेला एक अनोळखी माणूस बसला होता. तो दोनदा वळून पाहून हसला, तेव्हा हा स्वीटगमचा तर नसेल, असं मनात येऊन लूशसनं बोलणं थांबवलं आणि उतरेपर्यंत तोंड उघडलं नाही.