शपथ न घेणारी पाळणामावशी

पाळणामावशींच्या दोन खोल्यांत आमच्या गल्लीतली निम्मी मुलं वाढली. आया कामावर जायच्या घाईत मूल उंबऱ्यातूनच आत देत आणि मागे वळूनही बघत नसत. दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघितल्याशिवाय मावशी बाटली देत नसत. कुठलं पोर कुठल्या कुशीवर झोपतं, हे त्यांना तोंडपाठ. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. "बाकीच्यांना आजी व्हायला सून लागते, माझं पाळण्यावर भागलं," असं त्या हसत म्हणत.

त्या देव मानत नाहीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं.

एका संध्याकाळी बँकेत नोकरी करणारी बाई सासूला घेऊन मुलाला न्यायला आली, तर वर्षाचं ते पोर उठेचना. हाका मारल्या, गाल थोपटले, तरी डोळे मिटलेलेच. पाळणाघरांत मुलांना झोपेचं औषध पाजतात, अशी तेव्हा कुजबुज होती. सासू सगळ्या आयांसमोर म्हणाली, "काही पाजलं नाहीस ना? मग घे देवाची शपथ. विषय संपला."

खरंच संपला असता. मावशींनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिलं.

"मी काही पाजलेलं नाही. याचं अंग तापलंय, आधी डॉक्टरकडे न्या. पण शपथ नको. मी देव मानत नाही. न मानता शपथ घेतली, तर ते तुमच्याशी खोटं बोलणं होईल."

एका आईनं आपली झोपलेली मुलगी पाळण्यातून उचलली आणि तिचे बूट न घेताच ती निघून गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, कान सुजलाय, तापाची ग्लानी आहे, औषधबिषध काही नाही. बँकवाल्या बाईनं हे स्वतः घरोघरी सांगितलं. तरी मुलं यायची थांबली. कुणाची आत्या राहायला आली, कुणाची बदली होणार होती. किराणावाल्याची बायको तेवढी सरळ बोलली, "या वेळी नसेल हो पाजलं. पण वर कुणी बघतंय असं जिला वाटतच नाही, तिला पाठीमागे कसला धरबंद?"

मावशींची बहीण चिडली. दोन शब्द बोलायला जीभ झिजली असती का, म्हणाली. मावशींनी पाळणे सोडून माळ्यावर टाकले.

पुढे बँकवाली बाईच आली. मुलगा कुणाच्या हातून जेवत नव्हता. दिवसा घरी येऊन त्याला सांभाळाल का, तिनं विचारलं, आणि मान खाली घालून सासूची अट सांगितली: प्रत्येक वाटीतला पहिला घास मावशींनी आधी स्वतः खायचा, सासूच्या समोर.

"पोर उपाशी राहतंय ना? येते मी," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून सासू समोर खुर्ची टाकून बसते. मावशी घास खातात, गिळतात, तोंड उघडून दाखवतात, मग मुलाला भरवतात. मुलाला हा खेळच वाटतो. परवा मावशींना यायला उशीर झाला, म्हणून आजीनं वाटी घेतली. त्यानं तोंड घट्ट मिटलं आणि आजीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. आजीनं खूप चुचकारलं, दटावलं. शेवटी घास स्वतः खाल्ला, गिळला, आणि तरी ते बोट खाली येईना, म्हणून तोंड उघडून दाखवलं.