बहिऱ्या खोलीतली टेप

बहिऱ्या खोलीची किल्ली बुदिमिर झ्लातकोविचकडे असायची. युनिव्हर्सिटीच्या ध्वनिप्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ म्हणून लागला तेव्हा ती खोली नवी होती. भिंती, छत, पायाखालच्या तारेच्या जाळीखालचा तळसुद्धा काचलोकरीच्या लांब पाचरींनी भरलेला. आत उच्चारलेला शब्द ओठांपाशीच संपायचा. समोर घुमती खोली होती. तिच्या भिंती उघड्या आणि तिरक्या. टाळी वाजवली की आवाज बराच वेळ फिरत राही. तिथं बुदिमिर नाइलाजानंच जायचा.

त्याची बायको ल्युबिंका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. भांड्यांच्या वरताण बोलायची तिथली सवय घरीही सुटत नसे.

"कॉफी उतू चालली, बहिऱ्या," ती ओरडायची. "त्या खोलीशीच लग्न करायचं होतंस. ती काही म्हणत नाही, तू काही ऐकत नाहीस."

देशावर परदेशांनी व्यापाराचे निर्बंध घातले होते, त्या दिवसांत तिचा आवाज खरखरीत झाला तो झालाच. घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. परदेशात असलेली लेक दुशांका तेव्हा पोटुशी होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज टेप करून ठेव. बाळाला आजी ऐकवायची आहे."

घरातल्या टेपरेकॉर्डरचं नाव बुदिमिरनं काढू दिलं नाही. स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणतो, खिडकीखालून ट्राम जाते. त्याला स्वच्छ आवाज हवा होता. निर्बंधांमुळे टेप बाजारात मिळत नव्हती. प्रयोगशाळेत एक रीळ शिल्लक होतं, ते त्यानं मागून घेतलं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यानं तिला जाळीवरच्या खुर्चीत बसवलं आणि हातात कागद दिला. बोलणं नीट पोचतं की नाही हे तपासायला प्रयोगशाळेत निरर्थक अक्षरांचा एक पाठ वापरत. भाषेतला प्रत्येक ध्वनी त्यात योग्य प्रमाणात असे. बुदिमिरचा हिशेब असा, की यात सगळी ल्युबिंका येईल.

"नुझ. गेफ. पोल्य," तिनं वाचलं आणि मान वर केली. "बुदो, हे मी नातवाला सांगू?"

"कागद वाजवू नकोस. परत पहिल्यापासून."

"माझाच आवाज मला परत येत नाही रे. पुरल्यासारखं वाटतंय."

"ल्युबो, मधे बोलू नकोस. टेप एवढीच आहे."

ती हसली, खोकली, त्याच्या आईवरून एक शिवी दिली. दर वेळी तो टेप मागे घेऊन त्यावरच पुन्हा रेकॉर्ड करत होता. बिघडलेला भाग पुसायचा, ही प्रयोगशाळेची रीतच होती. शेवटी ती पोस्टाच्या खिडकीत उभी असल्यासारखी सरळ, सपाट वाचत गेली.

बाहेर आल्यावर ती थेट घुमत्या खोलीत शिरली. "बहिऱ्या!" ती खरखरीत गळ्यानं ओरडली. तो शब्द भिंतीभिंतींवरून फिरून तिच्याकडे आला आणि ती पोट धरून हसली. ते हसूही फिरत राहिलं. "बघ, ही खोली उत्तर देते. इथं करायचं होतंस."

"इथं काही स्पष्ट येत नाही," बुदिमिर दारातून म्हणाला. मायक्रोफोन बहिऱ्या खोलीतच राहिला होता. टेप त्यानं घरी नेली आणि दोन अक्षरांमधले श्वासही कापून टाकले.

ऑपरेशन पार पडलं. ल्युबिंका गळ्याला पट्टी बांधून घरी आली. पुढं मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा बुदिमिरनं शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवलं, रिसीव्हर स्पीकरला टेकवला आणि टेप लावली. नुझ. गेफ. पोल्य. अक्षराअक्षरांमध्ये काहीही नव्हतं.

दुशांकानं थोडा वेळ ऐकलं. "बाबा, हे कोण आहे?"

"आई."

"ती बोलत का नाहीये?"

बुदिमिरनं ल्युबिंकाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे नाही, शेगडीकडे पाहत होती. कॉफी वर येऊन काठावरून ओघळू लागली होती. ल्युबिंकानं तोंड उघडलं. मग ते मिटून ती उठली, शेगडी बंद केली आणि फडकं घेऊन पुसू लागली. टेप चालूच होती.