भोंग्यावर जुळवलेला अल्बम

बिजलीबाई दुकानात आली तेव्हा मी एक ॲम्प्लिफायर खोलून बसलो होतो अन् आमचा संघर्ष मागं गोदामात वायरी गुंडाळून राह्यला होता. तिनं चप्पल बाहेर काढली. साऊंड सर्व्हिसच्या दुकानात कोणी चप्पल काढते का? पण ती काढून, डोक्यावरची ओढणी नीट करून आत आली अन् म्हणाली, "खेमसिंग, तुह्या पोरानं माह्या माणसावर गाणं केलं म्हणते. मले ऐकव."

आमच्या तांड्यातली बाई ती, माही नात्यानं वहिनी लागते. एरवी माह्यासंग आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत बोलते. त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलली, मागच्या पोराले समजलं पाहिजे म्हणून. त्याले समजलं. वायर गुंडाळाचा आवाज बंद झाला. मले तं उन्हाळा नसून घाम फुटला. काहून फुटला ते सांगाले संघर्ष कोण ते पहिले सांगावं लागन.

संघर्ष म्हणजे आमच्या दिग्रसच्या बाबाराव गायकाचा पोट्टा. बाबाराव जयंतीले भीमगीतं म्हणते तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यालेही शब्दन् शब्द ऐकू येते, माईक असो नसो. पोट्ट्याचा गळा काही तसा नव्हता. आयटीआय करून तो माह्याकडं ऑपरेटर म्हणून लागला. कामाले वाघ. माईक शिट्टी माराच्या आधीच त्याचा हात बटणावर गेलेला राहे. बोलणं कमी, पण कानात सदा ते इअरफोनचे बोंडं. एक दिवस मी त्यातलं एक माह्या कानात घातलं. बाप्पा! मोरी तुंबली का जसा आवाज करते तसा एक माणूस आतून बोलून राह्यला होता, अन् मागं कोणीतरी डबे बडवत होतं. मी विचारलं, हे काय बे? म्हणाला, भाऊ, हे ब्रुटल डेथ मेटल. मेलेल्या माणसायचं, फाटलेल्या अंगायचं गाणं राहते हे. मी म्हणलं, लेका, डेथ तं आपल्याकडं फुकट भेटते, इंटरनेटवरून कायले आणतं?

तेव्हा हसलो होतो आम्ही दोघं. मंग ते दोन हजार सतराचं साल आलं. कपाशी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेलती, अन् पाठीवर विषारी औषधाचा पंप घेऊन त्या कपाशीत शिरलेले माणसं दवाखान्यात जाऊन पडाले लागले. दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे गरीब माणसं. कोणाचे डोळे गेले, कोणी परत आलाच नाही. अन् माणूस गेला का पुढारी येत. पुढारी आला का माईक लागे, माईक म्हणजे आमचं दुकान. खरं सांगतो, त्या पावसाळ्यात लग्नसराईवानी काम होतं आमाले. मेलेल्याच्या अंगणात मी बॉक्स लावत होतो अन् "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत होतो, अन् घरातल्या बायका आतून आमच्याकडं पाहत होत्या. मले लाज वाटे, मी खाली मान घालून वायर लावत राहो. संघर्षले त्याहून जास्त वाटे. तो तं टेस्टिंगसुद्धा म्हणत नसे, नुसता माईकवर टिचकी मारे.

त्यातच आमच्या तांड्यातला देवसिंग गेला. बिजलीबाईचा नवरा. यवतमाळले दवाखान्यात नेला तेव्हा चालत गाडीत बसला होता, तिथं दोन दिवस काढले अन् संपला. शववाहिका काही भेटेना, तं मी आपला साऊंडचा टेम्पो पाठवला. चालवाले संघर्ष. तिथं उचलाले माणूस कमी पडला म्हणून त्याले आतच बोलावलं. पोस्टमार्टेमच्या टेबलापाशी. परत आला तं नळावर हात धूतच राह्यला. मी जेव म्हणलं, जेवला नाही. आठ दिवसांनी मले म्हणाला, भाऊ, दुपारचं गोदाम रिकामं राहते, तेव्हा मले द्या, रेकॉर्डिंग करायचं हाये.

दिलं बापा. काहून नाही देणार? पोराच्या मनात काही साचलं असन तं निघू दे म्हणलं. गिटार वाजवाले इंद्रजित आला. हा इंद्रजित लग्नाच्या बँजो पार्टीत वाजवते, ढोलताशाची रीत त्याच्या हातात मुरलेली. ड्रम कुठून आणणार? बँजो पार्टीचा ऑक्टोपॅड होता, त्यावरच दोन काड्यांनी सगळं बडवलं. आवाज घुमू नये म्हणून संघर्ष गाद्यांच्या ढिगात तोंड खुपसून ओरडे. पाणी प्यायला बाहेर आला का त्याचे डोळे लाल राहत. अल्बम पुरा झाला तेव्हा कव्हरवर खाली त्यानं लिहिलं, रेकॉर्डिंग : राठोड साऊंड, दिग्रस. मी कसा फुगलो होतो म्हणून सांगू! चहाच्या टपरीवर सगळ्याले दाखवलं.

आता यातली गोम ऐका. आमच्या धंद्यात आवाज जुळवायचा तं भोंग्यावर. तो लोखंडी कर्णा झाडाले बांधला का चार वावरं ओलांडून आवाज जाते. पोरानं दुसरं काही पाह्यलंच नव्हतं, तं त्यानं आपला अल्बमही जिनिंगच्या मागच्या मैदानात भोंगा लावूनच जुळवला. आता भोंग्यात खालचा जाड आवाज निघतच नाही, त्याची बनावटच तशी. यानं काय केलं, जाड आवाज येत नाही म्हणून तो वाढवत गेला, वाढवत गेला. अन् माणसाचा आवाज भोंग्यात आपोआप टोकदार येते, म्हणून तो कमी केला. मैदानात उभं राहून ऐकलं तं मस्त. मी स्वतः साक्षीदार हाये. गाणं मले नाही आवडलं, पण शब्द ऐकू येत होते, देवसिंगचं नावही येत होतं.

अन् जगात कोण ऐकते भोंग्यावर? इंटरनेटवर टाकला, तं तिकडच्या पोट्ट्यांनी चांगल्या हेडफोनवर लावला. नुसतं हुं हुं हुं. त्या जाड आवाजाखाली सगळं बुडालेलं. कोणीतरी लिहिलं का हा बँड आहे का विहिरीत पडलेला जनरेटर. संघर्षचा विश्वासच बसेना. यवतमाळले एका दुकानात चांगला हेडफोन मागून त्यानं स्वतःचा अल्बम ऐकला. मी बाजूले होतो. त्याचे कान लालभडक झाले. त्यानं काढून माह्या डोक्यावर घातला. ड्रम म्हणावं तं शिलाई मशीन चालल्यावानी, एकही ठोका दुसऱ्याहून लहान-मोठा नाही. गिटार म्हणावं तं डास. एका गाण्यात बाजूच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडून राह्यलेला, अन् शेवटचं गाणं मधातच तुटते, कारण त्या दिवशी लाईन गेलती अन् यानं ते तसंच ठेवलं होतं. मले म्हणाला होता, भाऊ, तो इफेक्ट हाये. आता तेही नाही म्हणाला.

माणसाचा आवाज तं कुठंच नव्हता. मी म्हणलं, लेका, नीट कर मंग, कोणी मारलं तुले? तं म्हणे आता होत नाही. सगळं एकात मिसळून ठेवलं, सुटं काही राखलंच नाही. मी त्याले दुकानातल्या दुकानात झाडला. दहा हजार लग्नं केली आपण, सुटं ठेवाचं साधं समजलं नाही तुले? तो ऐकून घेत राह्यला. माह्या दुकानाचं नाव त्या कव्हरवर होतं ना, मलेही टपरीवर जायची चोरी झाली. मी जाताच कोणी ना कोणी मोरीवानी आवाज काढे. बाबारावनं एकदा कोणाच्या मोबाईलवर ऐकलं म्हणते, अन् तेव्हापासून तो दुकानावरून न जाता मागच्या गल्लीनं घरी जाते.

संघर्षनं अल्बम काढून टाकला. पण तोवर आमच्या तांड्यातल्या पोट्ट्यांनी मोबाईलवरून मोबाईलवर पोचवला होता. गाण्याचं नावच 'देवसिंग', ते पडद्यावर दिसे. मंग काय, गेली खबर बिजलीबाईले.

तं आता ती दुकानात खुर्चीवर बसली होती. मी संघर्षले हाक मारली. तो आला, तिच्याकडं न पाहता नमस्कार केला अन् लॅपटॉप काढला. आमच्या खुंटीवर भोंगा टांगलेलाच होता. त्यावर लावला असता तं निदान नाव तरी ऐकू आलं असतं तिले. संघर्षनं एकवार त्याच्याकडं पाह्यलं अन् मंग वायर खालच्या, जाड आवाजाच्या मोठ्या बॉक्सले लावली. मी समजलो. अल्बमच्या ज्या दोषापायी पोरगा महिनाभर तोंड लपवून फिरला, त्याच दोषाच्या मागं आता लपून राह्यला होता. कारण त्या गाण्यातले शब्द मले ठाऊक होते, अन् ते एखाद्या बाईले ऐकवासारखे नव्हते. मीही वायर तशीच राहू दिली.

लावलं. दुकानाच्या काचा थरथरल्या. बिजलीबाई हलली नाही. मांडीवर दोन हात ठेवून, मान थोडी वाकडी करून ऐकत राह्यली, आपल्याले कमी ऐकू येते असं तिले वाटलं असन. मधात तिनं हात वर करून विचारलं, नाव कुठं हाये? संघर्ष म्हणाला, येते पुढं. मंग गाणं संपलं. ती म्हणाली, मले नाही सापडलं, अजून एकदा लाव. त्यानं अजून एकदा लावलं. या वेळी नाव कधी येते ते तो बोटानं दाखवणार होता. त्याचं बोट वर झालं, थांबलं, परत खाली आलं. त्यालेही सापडलं नाही. स्वतः ओरडलेलं नाव त्याले स्वतःच्या गाण्यात सापडलं नाही. एवढा ओशाळलेला माणूस मी जन्मात पाह्यला नसन.

त्यानं बंद केलं. बिजलीबाई म्हणाली का राहू दे, मशीन बिघडली असन, तूच तोंडानं सांग काय म्हणलं त्याच्यात.

मी मधात पडाले गेलो. म्हणलं, वहिनी, आजकालच्या पोरायचं गाणं, आपल्याले काय समजते, चहा घे. तिनं माह्याकडं पाह्यलंच नाही.

संघर्ष तिच्यापुढं खाली बसला, फरशीवर. मंग म्हणाला, "काकू, गाण्यात तसं काही चांगलं नाही. त्यायले कसं कापलं, कसं शिवलं, पोटात काय होतं, तेच लिहिलं मी. मले लय राग आलता. या गाण्यात असंच लिहितात. चुकलं माह्यं."

मले वाटलं आता ही त्याच्या थोबाडीत मारते. मारलं असतं तं मी हात धरला नसता. पण तिचा चेहरा एकदम निराळाच झाला. ती खुर्चीतून पुढं सरकली.

"म्हणजे तू आत होता? तू पाह्यलं त्यायले?"

तो हो म्हणाला.

तिनं मंग सांगितलं. दवाखान्यात बाईमाणसाले आत सोडलं नव्हतं, ती बाहेर व्हरांड्यात होती. घरी आणलं तं सगळं प्लास्टिकमध्ये अन् कापडात गच्च बांधलेलं. ती म्हणाली, तोंड तं उघडा, तं दिरानं उघडू दिलं नाही, म्हणे पाहवणार नाही तुले. तसंच नेलं. तिनं आपल्या नवऱ्याले शेवटचं पाह्यलं ते गाडीत बसताना. नंतर कोणी पाह्यलं असं कोणी तिले सांगितलंच नव्हतं. गाणं केलं म्हणजे त्या पोरानं पाह्यलं असन, या आशेनं ती तांड्यावरून आलती. गाण्याचं तिले काही नव्हतं.

"चेहरा कसा होता सांग मले," ती म्हणाली. "दुखल्यावानी होता, का झोपल्यावानी?"

मी संघर्षच्या मागं उभा होतो. मी तिले दिसणार नाही असा त्याच्या पाठीत पाय लावला. म्हण ना लेका, झोपल्यावानी म्हण. काय जाते तुह्यं? एक शब्द. माही तं प्रार्थना चालली होती मनात. पण खोटं काही त्याच्या तोंडून निघेना. त्यानं आठवून पाह्यलं, खरंच आठवून पाह्यलं, मले त्याच्या मानेवरून दिसत होतं. टेबल आठवलं असन, टाके आठवले असतील, बादली आठवली असन.

"चेहरा मी नाही पाह्यला, काकू," तो म्हणाला. "तिकडं पाहाची हिंमतच नाही झाली."

बाहेर दारव्ह्याचा जीपवाला पॅसेंजरले हाका मारत होता. बिजलीबाईनं संघर्षकडं पाह्यलं, मंग त्या बॉक्सकडं पाह्यलं.

"मंग गाणं कोणावर केलं बाप्पा तू?"

रागानं नाही विचारलं तिनं. तिले खरंच समजत नव्हतं, म्हणून विचारलं. अन् उत्तराची वाट पाहत ती तशीच बसून राह्यली.